पगार किती, असं कायदा विचारतो तेव्हा

पुण्याहून कोल्हापूरला एसटीनं निघालात, तर सातारा यायच्या आत शेजारच्या सीटवरचे काका तुम्हाला पगार विचारतात. त्यात आपल्याला काही वावगं वाटत नाही. आयर्लंडमध्ये याच्या बरोबर उलट. दहा वर्षं भिंतीला भिंत लावून राहणारा शेजारी पावसाबद्दल, हर्लिंगच्या सामन्याबद्दल, स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दलही भरभरून बोलेल. तुमची मिळकत मात्र विचारणार नाही. या देशात ती तपशीलवार, पै-पैच्या हिशोबानं आणि शपथेवर विचारली जाते ती एका जागी. कर्जात बुडालेला माणूस सरकारच्या दारात जातो, त्या जागी.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो एका मित्रामुळे. नोकरी चांगली, हुद्दा चांगला. दोन ओळखीच्यांबरोबर हॉटेल काढलं, कर्जाला वैयक्तिक जामीन राहिला, हॉटेल बसलं आणि कर्ज अंगावर आलं. ते भागवायला दुसरं कर्ज, मग क्रेडिट कार्ड. एका रात्री आमच्या स्वयंपाकघरात बसून त्यानं हळूच विचारलं, "एवढा पगार असताना दिवाळखोरी मागता येते का रे? की त्यासाठी आधी नोकरी सोडावी लागते?"

प्रश्न ऐकून मला हसू आलं नाही, कारण उत्तर मलाही माहीत नव्हतं. तुम्हाला तरी माहीत आहे का? आपण इथे येतो तेव्हा व्हिसा, पीपीएस नंबर, घरभाडं, शाळा हे सगळं एकमेकांना विचारून शिकतो. हे कोणी कोणाला विचारत नाही. म्हणून वाचायला घेतलं. मी वकील नाही, त्यामुळे हा लेख सल्ला म्हणून वाचू नका. पण वाचताना जो इतिहास हाती लागला, त्यात आयर्लंड आणि आपला दख्खन इतक्यांदा समोरासमोर आले, की तो तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

थोडक्यात उत्तर आधी सांगतो. आयर्लंडच्या दिवाळखोरीच्या कायद्यात "अमुक पगाराच्या वर असाल तर दिवाळखोर होता येणार नाही" असा आकडा नाही. नोकरी सोडावी लागत नाही. तरीही पगाराचा प्रश्न या वाटेवरच्या प्रत्येक दारात उभा असतो. तो तिथे आला कसा, हीच गोष्ट आहे.

उपाशी सावकार

आयर्लंडच्या प्राचीन कायद्यांना ब्रेहन कायदे म्हणतात. त्यांत एक चाल होती, तिचं नाव ट्रॉस्कद, म्हणजे उपास. देणेकरी बडा माणूस असेल, तर त्याची गुरंढोरं सरळ ओढून नेता येत नसत. घेणेकरी आधी त्याच्या दारात जाऊन उपाशी बसे. दारातला माणूस उपाशी असताना घरात बसून जेवणाऱ्याची पत जाई. देणं फेडण्याची हमी देऊनच त्याला मोकळं होता येई.

ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे याला धरणं म्हणत. सावकार किंवा त्यानं बसवलेला माणूस कुळाच्या दारात बसून राही आणि दारातला उपाशी असताना घरातल्यांना अन्न गोड लागत नसे. आज धरणं म्हटलं की मंत्रालयासमोरचा मांडव आठवतो, पण शब्दाचा जुना संबंध उधारीशी आहे. १८६०च्या भारतीय दंड संहितेत कलम ५०८ खाली, देवाच्या कोपाची भीती घालून माणसाला भाग पाडण्याच्या गुन्ह्याचं उदाहरण म्हणून हे धरणंच दिलेलं होतं.

हे साम्य माझ्या आधी हेन्री मेन या कायदेपंडितानं टिपलं. ते भारतात व्हाइसरॉयच्या मंडळाचे विधी सदस्य होते. १८७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व्याख्यानांत आयरिश उपास आणि हिंदुस्थानी धरणं शेजारी शेजारी ठेवलेलं आहे.

दोन्ही प्रथांत एक गोष्ट गृहीत होती. देणेकऱ्याकडे आहे, तो देत नाही, म्हणून त्याला लाजवायचं. खरंच नसेल तर काय, हा प्रश्न धरणं धरणाऱ्याला विचारायचं कारणच नव्हतं.

व्यापारी बुडाला, शेतकरी गेला

पुढे लाजेची जागा तुरुंगानं घेतली. डब्लिनमध्ये थॉमस स्ट्रीटच्या मागे फोर कोर्ट्स मार्शलसी नावाचा खास ऋणकोंचा तुरुंग होता. तुरुंगात बसून माणूस कमावणार कसा आणि फेडणार काय, हे त्या काळालाही दिसत होतं. पण सुटका सगळ्यांना सारखी नव्हती. १५४२ साली इंग्लंडमध्ये झालेला दिवाळखोरीचा पहिला कायदा तर देणेकऱ्याला गुन्हेगारच समजून चालला होता. १७०५ मध्ये तिथे पहिल्यांदा असं ठरलं, की प्रामाणिकपणे सगळं हवाली करणाऱ्याचं उरलेलं कर्ज मिटू शकतं. आयर्लंडच्या पार्लमेंटनं आपला दिवाळखोरी कायदा केला १७७२ साली. हे दार फक्त व्यापाऱ्यांसाठी होतं. व्यापारात जहाज बुडतं, माल सडतं, समोरचा पैसे बुडवतो, हे मान्य होतं. मजूर, शिक्षक किंवा शेतकरी कर्जात गेला, तर ती मात्र त्याची उधळपट्टी समजली जाई. म्हणजे मिळकत किती हे कायदा विचारत नव्हता. तुम्ही कोण, एवढंच विचारत होता.

मग १८४५ साली बटाट्यावर रोग आला. दुष्काळाची सगळी कहाणी इथे सांगत नाही. तिच्यातले दोन कायदे मात्र आपल्या विषयाचे आहेत.

पहिला १८४७चा. गरिबांना मदत देण्याच्या कायद्यात डब्लिनचे खासदार विल्यम ग्रेगरी यांच्या सूचनेवरून एक कलम घातलं गेलं. ज्याच्या ताब्यात पाव एकराहून जास्त जमीन आहे, त्याला सरकारी मदत मिळणार नाही. जमिनीत काही पिकतंय की नाही हे विचारायचंच नाही. पोरांच्या पोटात काही जावं म्हणून हजारो कुटुंबांनी जमिनीवरचा हक्क सोडला आणि ती पुन्हा कधीच त्यांची झाली नाही. मदतीसाठी पात्र व्हायला आधी कफल्लक व्हा, असा तो कायदा. माझ्या मित्राचा "नोकरी सोडावी लागते का" हा प्रश्न आठवा. त्याच्या पोटात हीच जुनी भीती होती.

दुसरा कायदा १८४९चा. दुष्काळात खंड वसूल होईना, त्यामुळे आधीच कर्जात असलेले जमीनदारही बुडाले. त्यांच्या गहाण इस्टेटी विकून सावकारांची देणी भागवायला आणि घेणाऱ्याला निर्वेध मालकी द्यायला एक खास न्यायालय निघालं, एन्कम्बर्ड इस्टेट्स कोर्ट. दोन वर्षांच्या अंतरानं झालेले हे दोन कायदे पाहा. बुडीत जमीनदारासाठी न्यायालय, बुडीत कुळासाठी पाव एकराची अट.

कर्जासाठी सरसकट तुरुंगात टाकणं आयर्लंडमध्ये १८७२च्या कायद्यानं बंद झालं. पण त्या कायद्यानं एक फट ठेवली होती. तिच्याकडे नंतर येतो.

सुपे, १२ मे १८७५

आता समुद्र ओलांडून आपल्या मुलखात या. मेन यांची व्याख्यानं छापली गेली त्याच वर्षी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. त्यांना हवे होते ते कागद. खतं, रोखे, हुकूमनामे बाहेर काढून पेटवले गेले. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. सरकारनं चौकशीला आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला.

शाळेत आपण हा कायदा एका ओळीत पाठ केला. त्याच्या आत काय होतं, ते मात्र मला इथे आयर्लंडमध्ये बसून वाचावंसं वाटलं. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करायची नाही, तुरुंगात टाकायचं नाही. जमीन खास गहाण दिलेली नसेल, तर ती साध्या कर्जापोटी जप्त करायची नाही. आणि शेतकऱ्यालाही नादारीचा अर्ज करता येईल. कर्जाची किमान अट पन्नास रुपये. इंग्लंड-आयर्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या व्यापाऱ्यांपुरतं असलेलं दार इथे मुद्दाम शेतकऱ्यासाठी उघडलं होतं.

मग शेतकरी कोण? कायद्याची व्याख्या अशी, की जो आपली उपजीविका संपूर्णपणे किंवा मुख्यत्वे शेतीवर करतो तो. हा 'मुख्यत्वे' शब्द फार महत्त्वाचा. एखाद्याची थोडी शेती आहे, थोडं दुकान आहे, भाऊ मुंबईत गिरणीत आहे आणि पैसे पाठवतो. हा शेतकरी की नाही? पुढची कित्येक वर्षं मुंबई इलाख्यातल्या कोर्टांत याचा कीस पाडला गेला. कर्जातून सुटका मिळेल की नाही, हे घरात येणारा पैसा कुठून येतो यावर ठरू लागलं. या कायद्याखालच्या कामावर देखरेख करणारे विशेष न्यायाधीश म्हणून काही वर्षं खुद्द न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी काम केलं. पुढे १९४७ साली मुंबई इलाख्यात कृषी ऋणकोंसाठी जो कायदा झाला, त्यात शेतीबाहेरच्या उत्पन्नाला थेट मर्यादाच घातली होती.

म्हणजे "तुझी मिळकत काय, त्यावरून तुझी पात्रता ठरवू" ही आज युरोपात आधुनिक वाटणारी पद्धत आपल्या बारामती-इंदापूर-शिरूरकडे सव्वाशे वर्षांपूर्वीच कोर्टात घासून निघाली होती. त्याच्याही आधीपासून आपल्याकडे दामदुपटीचा नियम होताच. व्याज कितीही चढलं, तरी एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करायचं नाही. ऋणकोची दमछाक कुठेतरी थांबली पाहिजे, एवढं शहाणपण त्यात होतं.

दिवाळखोर होण्याची ऐपत

आयर्लंड स्वतंत्र झाला तरी दिवाळखोरीचे कायदे एकोणिसाव्या शतकातलेच राहिले. ते बदलले थेट १९८८ साली. आणि या नव्या कायद्यात एक अट होती, जी मी दोनदा वाचली. ऋणकोला स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज करायचा असेल, तर त्याच्याकडे निदान दीड हजार पौंड उभे राहतील एवढी मालमत्ता हवी. युरो आल्यावर हाच आकडा १,९०० युरो झाला. ज्याच्याकडे काहीच नाही, तो दिवाळखोर होऊ शकत नव्हता! हिशोब कोर्टाच्या दृष्टीनं सरळ होता. वाटायलाच काही नसेल, तर वाटपाचा खटाटोप कशाला? पण याचा अर्थ असा, की दिवाळखोरीलाही ऐपत लागत होती.

बरं, एकदा आत गेलात की बाहेर पडणं सोपं नव्हतं. देणी कायद्यात सांगितलेल्या प्रमाणात फिटली तर सुटका, नाहीतर किमान बारा वर्षं वाट पाहायची आणि मग कोर्टाकडे मागायची. तोपर्यंत तुमच्या पगारातला हिस्सा वळवण्याचा अधिकार कोर्टाला होता. साहजिकच वर्षभरात देशात दिवाळखोर होणारे मोजकेच असत. कायदा होता, पण त्या वाटेनं कोणी जात नव्हतं.

बाकीच्यांचं काय होत होतं, हे २००९ साली उजेडात आलं. मोनाघन जिल्ह्यात सरकारी भत्त्यावर जगणाऱ्या एका बेरोजगार बाईला पतसंस्थेचं कर्ज थकलं म्हणून महिनाभराच्या तुरुंगवासाचा हुकूम झाला होता. ती सुनावणीला हजर नव्हती आणि तिची फेडायची ऐपत आहे का, हे कोणी तपासलं नव्हतं. १८७२ची फट म्हणतात ती हीच. कर्जासाठी तुरुंग नाही, पण हप्त्यांचा कोर्टाचा हुकूम मोडला म्हणून तुरुंग आहे. हायकोर्टाच्या न्यायमूर्ती मेरी लॅफॉय यांनी ही तरतूद राज्यघटनेविरुद्ध ठरवली आणि काही आठवड्यांतच पार्लमेंटला कायदा दुरुस्त करावा लागला. "देत नाही" आणि "देऊ शकत नाही" यांत फरक आहे, तो तपासल्याशिवाय माणसाला आत टाकता येणार नाही, हे आयर्लंडमध्ये ठरलं ते आपल्या डोळ्यांदेखत. आपल्यातले काही जण तेव्हा इथे नोकरीला लागलेही होते.

८५ अब्जांची अट

तेव्हा देशाचंच दिवाळं निघायची वेळ आली होती. घरांच्या किमती २००७ नंतर कोसळत कोसळत जवळजवळ निम्म्यावर आल्या. बँका सरकारच्या गळ्यात पडल्या. नोव्हेंबर २०१० मध्ये आयर्लंडनं युरोपियन युनियन आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीबरोबर ८५ अब्ज युरोंच्या मदत योजनेचा करार केला. त्याच्या अटींत एक अशीही होती, की वैयक्तिक दिवाळखोरीचा कायदा सुधारा. देशाला कर्ज देणारे सांगत होते, तुमच्या नागरिकांना कर्जातून बाहेर पडायची वाट करून द्या.

दरम्यान ज्यांना परवडत होतं, त्यांनी वाट शोधलीच होती. उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश कायदा, तिथे एका वर्षात मोकळं होता येई. एकेकाळी देशातले सर्वांत श्रीमंत समजले जाणारे उद्योगपती शॉन क्विन नोव्हेंबर २०११ मध्ये बेलफास्टला जाऊन दिवाळखोर झाले. बँकेनं आव्हान दिलं, ती दिवाळखोरी रद्द झाली आणि जानेवारी २०१२ मध्ये डब्लिनच्या कोर्टानं त्यांना पुन्हा दिवाळखोर जाहीर केलं. पुरेसा पैसा असला की दिवाळंही सोयीच्या गावी काढायचा प्रयत्न करता येतो, हे लोकांनी पाहिलं.

२०१२च्या डिसेंबरात नवा कायदा झाला. मार्च २०१३ मध्ये त्यासाठी इन्सॉल्व्हन्सी सर्व्हिस ऑफ आयर्लंड ही संस्था निघाली. त्याच वर्षी राहत्या घरांच्या सुमारे एक लाख गृहकर्जांचे हप्ते तीन महिन्यांहून जास्त थकले होते, साधारण आठांतलं एक. दिवाळखोरीचा काळ बारा वर्षांवरून तीनवर आला. खासदार विली पेनरोज यांच्यासारख्यांनी एका वर्षाचा आग्रह लावून धरला आणि जानेवारी २०१६ पासून तो एक वर्ष झाला. किमान मालमत्तेची ती विचित्र अटही गेली.

चार दारं आणि एक प्रश्न

आता तुम्ही कर्जात असाल, तर समोर चार दारं आहेत. प्रत्येकावर पगाराचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं विचारला जातो.

पहिलं सर्वांत गरीब माणसासाठी, डेट रिलीफ नोटीस. इथे मात्र उत्पन्नाचा पक्का आकडा आहे. वाजवी खर्च भागवून महिन्याला ६० युरो किंवा त्याहून कमी उरत असतील तरच हे दार उघडतं. कर्ज ३५ हजार युरोंपर्यंत, मालमत्ता जेमतेम दीड हजार युरोंची. तीन वर्षं देखरेख, मग कर्ज माफ. मालमत्ता मोजताना घरातल्या गरजेच्या वस्तू सोडून देतात. साडेसातशे युरोंपर्यंतचा लग्नाच्या अंगठीसारखा एक दागिनाही सोडतात. वाचताना मला मंगळसूत्र आठवलं आणि सोन्याचा आजचा भावही.

दुसरं आणि तिसरं दार हप्ते बांधून घेण्याचं. गहाण नसलेल्या कर्जांसाठी एक, साधारण पाच वर्षांचं. घराच्या कर्जासकट सगळ्यांसाठी दुसरं, साधारण सहा वर्षांचं. इथे उलट काहीतरी उरत असावं लागतं, म्हणजे सावकारांना देता येईल. मोठ्या सावकारांच्या मतावर हे अवलंबून असतं. राहत्या घराच्या बाबतीत बँकेनं नकार दिला, तर तो कोर्टात तपासून घेण्याची सोय २०१५ पासून आहे.

चौथं दार दिवाळखोरीचं. मालमत्तेपेक्षा कर्ज २० हजार युरोंहून जास्त असलं पाहिजे आणि देणी देण्याची ऐपत नसली पाहिजे. पगाराला वरची मर्यादा नाही. पण कोर्टाला विचार करावा लागतो, की या माणसाचं काम हप्त्यांच्या व्यवस्थेत भागलं असतं का? तुमच्याकडे दरमहा बऱ्यापैकी शिल्लक राहत असेल, तर कोर्ट प्रकरण पुढे ढकलून आधी ती वाट चालून पाहा म्हणू शकतं. चांगला पगार आडवा येतो तो असा.

आणि आत गेल्यावर पगार पुन्हा समोर येतो. समजा हातात ३,२०० युरो येतात, भाडं १,५०० आणि वाजवी खर्च १,३०० धरला. उरले ४००. दिवाळखोरी एका वर्षात संपली, तरी हे चारशे दरमहा, जास्तीत जास्त तीन वर्षं, सावकारांसाठी भरण्याचा हुकूम होऊ शकतो. नोकरी गेली, पगार घटला, तर तो बदलूनही मागता येतो. आकडे मी सोयीसाठी घेतलेत, रीत मात्र हीच.

सगळं येऊन अडतं ते 'वाजवी खर्च' या दोन शब्दांवर. तो ठरवायचं काम कायद्यानं इन्सॉल्व्हन्सी सर्व्हिसवर सोपवलं. तिनं व्हिन्सेंशियन पार्टनरशिप या सामाजिक संस्थेच्या अभ्यासाचा आधार घेतला. माणसाला मानानं जगायला किमान काय लागतं, याची त्या संस्थेनं सामान्य कुटुंबांबरोबर बसून यादी केली होती. अन्न, कपडे, औषध, वीज, फोन, शिक्षण, प्रवास हे तर आहेच. पण 'समाजात सहभाग' असाही रकाना आहे आणि अडीअडचणीसाठी थोड्या बचतीचाही. २०१३ मध्ये गाडी नसलेल्या एकट्या माणसासाठी घरभाडं सोडून महिन्याला सुमारे नऊशे युरो धरले गेले होते.

मला वाटतं, या सगळ्या इतिहासाचं सार या यादीत आहे. पूर्वी कायदा विचारायचा, तुझ्याकडे विकण्याजोगं काय आहे? मग विचारलं, तू व्यापारी की शेतकरी? आता विचारतो, तुला माणसासारखं जगायला किती लागतं? पगार हा त्या प्रश्नाचा फक्त अर्धा भाग. पन्नास हजार कमावणारा, दोन मुलांच्या पाळणाघराचे पैसे भरणारा माणूस तीस हजार कमावणाऱ्या एकट्यापेक्षा जास्त अडचणीत असू शकतो, हे आता हिशोबातच दिसतं.

भारतातही २०१६ साली, आयर्लंडनं मुदत एका वर्षावर आणली त्याच वर्षी, नादारी आणि दिवाळखोरी संहिता झाली. तिच्यात गरिबांसाठी 'नवी सुरुवात' नावाचं प्रकरण आहे. अट अशी, की वार्षिक उत्पन्न ६० हजार रुपयांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत, कर्ज ३५ हजारांपर्यंत, आणि स्वतःचं घर नको. आकडे बघा. तिथे ६० हजार रुपये वर्षाला, इथे खर्च वजा जाता ६० युरो महिन्याला. तिथे कर्ज ३५ हजार रुपये, इथे ३५ हजार युरो. पण खरा फरक चलनाचा नाही. तिथे एकूण उत्पन्न मोजायचं ठरवलं, इथे जगून उरलेलं मोजतात. महिना पाच हजारांवर एक रुपया जास्त कमावणारा तिथे अपात्र, मग घरात माणसं दोन असोत की सात. आणि कायदा होऊन इतकी वर्षं लोटली, तरी ते प्रकरण सामान्य ऋणकोसाठी अंमलात आलेलं नाही.

यादीत नसलेला रकाना

मराठीत बुडालेल्या माणसाला दोन शब्द आहेत. दिवाळखोर हा एक. पेढी बुडाली की सावकार भरदिवसा दुकानात दिवा लावून बसे, त्यावरून तो आला असं सांगतात. या शब्दात दवंडी आहे, बोट दाखवणं आहे. दुसरा शब्द कोर्टाचा, नादार. फारसीतून आलेला. ज्याच्याकडे नाही तो. बस. आयरिश भाषेत ऐपतीला 'अकवन' म्हणतात आणि इन्सॉल्व्हन्सी सर्व्हिसच्या आयरिश नावात त्याच शब्दाचं नकारार्थी रूप आहे. ऐपत नसणं. तिथेही दवंडी नाही.

मित्राला मी हे सगळं सांगितलं आणि आम्ही कागद घेऊन बसलो. आधी त्याला मॅब्जचा नंबर दिला. ही १९९२ पासून चालणारी, सरकारी पैशावरची मोफत सल्लासेवा आहे. घराचे हप्ते थकले असतील, तर अबाल्य योजनेतून तज्ज्ञाचा सल्लाही मोफत मिळतो. तुम्हाला किंवा तुमच्या ओळखीत कोणाला गरज पडली, तर सुरुवात तिथूनच करा, क्रेडिट कार्डापासून नको.

मग खर्चाचे रकाने भरू लागलो. वाणसामान, वीज, बसचा पास, मुलीची शाळा. पुण्यातला फ्लॅट मालमत्तेत लिहावा लागेल, हे ऐकून तो थोडा वेळ गप्प बसला. इथे अर्ज करायचा, तर तिथलंही सगळं सांगावं लागतं. लपवणं हा गुन्हा आहे.

शेवटी तो म्हणाला, "आणि आईला पाठवतो ते कुठे लिहू?"

यादी आम्ही पुन्हा वरपासून खाली वाचली. डब्लिनच्या कुटुंबांबरोबर बसून केलेली ती यादी. बचतीचा रकाना आहे, समाजात मिसळण्याचा आहे. गावी पाठवायच्या पैशांचा नाही. खास परिस्थिती म्हणून मांडता येतं, कोणी ऐकूनही घेईल. पण सिद्ध करावं लागेल, पावत्या लागतील, आईची औषधं दाखवावी लागतील. सुप्याच्या शेतकऱ्याचा भाऊ गिरणीतून पैसे पाठवायचा आणि कोर्ट विचारायचं, मग तू शेतकरी कसला. इथे पाठवणारा आपण आहोत, आणि कोर्टाला सांगायचं आहे की हे पैसे आमच्याकडे शिल्लक नसतात. ते महिन्याच्या एक तारखेलाच गेलेले असतात.

मित्रानं कागदाच्या तळाशी पेनानं एक जादा रकाना आखला, त्यात 'आई' लिहिलं आणि पुढे आकडा टाकला.